घाट चढणारी गाडी मागून पाहावी

कर्जतच्या फलाटावर पुण्याकडे जाणारी गाडी थांबली की कॅमेरेवाले पुढच्या टोकाकडे चालू लागतात आणि बाकीचे प्रवासी वडापाववाल्याकडे. गाडीच्या शेपटाशी सहसा कुणी जात नाही. माझं म्हणणं असं की बोरघाटाचा प्रवास तिथूनच पाहायला सुरुवात करावी, कारण ही गाडी कर्जतला थांबते तीच मुळी शेपटासाठी. डेक्कन क्वीनसारखी मानाची गाडीसुद्धा इथे खोळंबते ती मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, जोडून घ्यायला. दोन-तीन इंजिनांचा तो जोड सावकाश मागे येतो, शेवटच्या डब्यापाशी जवळजवळ थांबतो, मग हात-दीड हाताचं अंतर रांगत पार करतो. कपलिंगचे जबडे एकमेकांत बसल्याचा जाड आवाज होतो, माणूस खाली उतरून ब्रेकच्या नळ्या जोडतो, आणि शिट्ट्यांची देवाणघेवाण होऊन गाडी हलते. घाटाच्या फोटोंमध्ये हे क्वचितच दिसतं. आपल्याकडचे बहुतेक फोटो गाडीच्या तोंडाचे असतात: वळण, धबधबा, मागे हिरवा डोंगर, समोर इंजिन. चित्र सुरेख असतं, पण त्यातली गाडी सपाटीवरून चालल्यासारखीच दिसते.

पळसदरी मागे पडल्यावर चढ खरा सुरू होतो. 1863 साली हा घाट रेल्वेसाठी खुला झाला तेव्हा सुमारे 25 किलोमीटरांत साडेपाचशे मीटरहून जास्त उंची गाठायची होती, आणि सगळ्यात तीव्र ठिकाणी 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर, असा चढ होता. रस्त्याच्या हिशेबाने हा चढ किरकोळ. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरतं आणि त्यांच्यातलं घर्षण मुळातच कमी, त्यामुळे रेल्वेला तो भारी पडतो. मग सगळी इंजिनं पुढेच का लावत नाहीत? कारण तसं केलं तर अख्ख्या गाडीचा भार पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येतो, आणि प्रत्येक कपलिंगला ताणाची मर्यादा असते. मागून रेटा दिला की भार वाटला जातो. शिवाय मध्येच कुठे कपलिंग तुटलंच, तर सुटलेले डबे उताराने घरंगळू न देणारी इंजिनं मागे असतात. म्हणजे मागचं इंजिन हे बळही आहे आणि आधारही. घाटातली गाडी इतर गाड्यांहून वेगळी ठरते ती याच गोष्टीने. फोटोतून ती वगळली की घाटाचा नुसता देखावा उरतो.

यावर पहिली हरकत अशी येते की ओळख तोंडावरून होते. गाडीचं नाव, इंजिनाचा प्रकार, रंग हे सगळं पुढे असतं. हे खरं आहे. पण बँकरनाही क्रमांक असतो, प्रकार असतो आणि इतिहासही असतो. 1929-30 च्या सुमारास इथे वीज आली ती 1500 व्होल्ट डीसीची. त्या तारेखाली कित्येक वर्षं चित्तरंजनच्या कारखान्यात बांधलेली डब्ल्यूसीजी-2 जातीची इंजिनं घाटात रेटा देत होती. पुढे तारेतली वीज 25,000 व्होल्ट एसी झाली आणि ती पिढी निवृत्त झाली. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: जोर ही ऐकायची गोष्ट, स्थिर चित्रात ती येणार कशी? मला वाटतं, येते, मात्र जागा नीट निवडावी लागते. जामब्रुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल या टप्प्यात बोगदे आणि वळणं इतकी लागोपाठ येतात की लांब गाडीचं तोंड एका बोगद्यात शिरतं तेव्हा शेपूट कधीकधी आधीच्या वळणावर असतं. अशा वेळी शेवटच्या दोन-तीन डब्यांत दरीकडच्या खिडकीशी बसलेल्याला पुढचं इंजिन डोंगराला वळसा घालताना दिसतं आणि पाठीमागून मोटारींच्या पंख्यांची घरघर सतत ऐकू येते. गाडीची दोन्ही टोकं एका चौकटीत आली, मागच्या इंजिनांचे पँटोग्राफ तारेला टेकलेले दिसले, की काम कुठे चाललंय ते पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

उतरणाऱ्या गाड्यांचाही पुरावा याच बाजूचा आहे. खाली येताना ठाकूरवाडी, मंकी हिल अशा ठिकाणी गाड्या थांबतात. तिथे प्रवाशांची चढउतार नसते. ब्रेक धरतात की नाही याची ती परीक्षा असते. वाटेत कॅच सायडिंग आहेत: मुख्य मार्गातून फुटून वर चढत जाणारा, पुढे कुठेच न पोचणारा रूळ. गाडी ताब्यात नसेल तर ती तिकडे वळते आणि चढावर दमून थांबते. धबधब्यापेक्षा हा ओसाड, गवताळ रूळ मला जास्त पाहण्यासारखा वाटतो. घाट बांधणाऱ्यांना कशाची भीती होती ते तो उघड सांगतो. ती भीती पुस्तकी नव्हती. या कामावर हजारो मजूर होते आणि त्यांतले कितीतरी पटकीने आणि अपघातांनी गेले. 1859 मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट तडीस नेलं. खंडाळ्याजवळ चढ एका दमात घेता येत नव्हता, म्हणून 1929 पर्यंत गाडी रिव्हर्सिंग स्टेशनात शिरून दिशा बदलून पुढे जात असे. म्हणजे त्या काळी इथे तोंडाचं शेपूट आणि शेपटाचं तोंड होत होतं.

तिसरी हरकत सुरक्षिततेची. ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिला माझं पूर्ण अनुमोदन आहे. फोटोसाठी रुळांवरून मंकी हिलला चालत जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे आणि बोगद्यात समोरून गाडी आली तर अंग चोरायलाही जागा नसते. उघड्या दारात लोंबकळून घेतलेल्या फोटोला दाद देणंही आपण थांबवायला हवं. मागून पाहण्याचा माझा आग्रह इथे उपयोगी पडतो, कारण त्यासाठी यातलं काहीच करावं लागत नाही. कर्जतला जोडणी फलाटावरून दिसते, वळणं खिडकीतून दिसतात, आणि उंचावरून पाहायचं असेल तर खंडाळ्याचा राजमाची पॉइंट आहे.

घाई मात्र करायला हवी. 2019 मध्ये मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी सुरू झाली. दोन टोकांना एकेक इंजिन लावण्याच्या पुश-पुल पद्धतीमुळे त्या वाटेवरच्या घाटासाठी कसाऱ्याला बँकर जोडण्याचा तिचा वेळ वाचला. फेब्रुवारी 2023 पासून धावणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत बोरघाट बँकरशिवायच चढते, कारण तिच्या मोटारी डब्यांखाली गाडीभर वाटलेल्या आहेत. प्रवाशांच्या दृष्टीने हे चांगलंच आहे; दहा मिनिटं वाचत असतील तर ती वाचवावीत. पण ज्या पद्धतीने दीडशेहून अधिक वर्षं हा डोंगर चढला गेला, तिची नोंद ती चालू असतानाच व्हायला हवी. म्हणून लोणावळ्याला उतरल्यावर शेवटच्या डब्यापर्यंत चालत जावं. तिथे बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी कर्जतला परततात. त्यांचा फोटो घ्यावा, आणि त्याखाली तारीख, गाडीचं नाव व प्रत्येक बँकरचा पाच आकडी क्रमांक लिहून ठेवावा.