आमच्या गावाची सोंगं

आमच्या गावाचं नाव वाई. पण कृष्णेवरचे घाट आणि देवळं पाहून लोकांनी पूर्वीच 'दक्षिण काशी' असं दुसरं नाव ठेवलं. थोडक्यात, काशीच्या बदलीवर काम करायची आम्हांला पिढीजात सवय. सिनेमावाल्यांनी ते काम फक्त पगारी केलं.

२००४ साली पुण्यात 'स्वदेस' पाहायला गेलो होतो. पडद्यावर घाट दिसला आणि मी ताडकन उभा राहून ओरडलो, "अगं, ही तर आपली मेणवली!" मागून आवाज आला, "काका, खाली बसा. उत्तर प्रदेश आहे तो!" बायकोने शर्ट धरून मला जागेवर आणलं. आदल्याच वर्षी 'गंगाजल'मध्ये वाईने बिहार वठवला होता. कृष्णामाई बिचारी परप्रांतातली नदी म्हणून मुकाट वाहत होती.

तसं गावाला स्वतःचं काही नाही असं नव्हे. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या देवळात ढोल्या गणपती ऐसपैस बसला आहे. मराठी विश्वकोश इथलाच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. अख्खं विश्व जिथे अकारविल्हे लावलं गेलं, त्या गावाला पडद्यावर मात्र स्वतःचं नाव लावायची चोरी! सिनेमावाल्यांचा हिशेब सोपा. जुने दगडी घाट आणि वाडे आयते मिळतात, मुंबई फार लांब नाही, आणि नटमंडळींना झोपायला पसरणीचा घाट चढला की पाचगणी.

मी हे सगळं तावातावाने काकांना सांगितलं. काका वाड्यात एकटेच राहतात. चुलतभावांच्या मते वाडा पाडून फ्लॅट बांधावेत. काका म्हणतात, "मी आहे तोवर नाही." पण मोडकळीला आलेला वाडा नुसत्या 'नाही'वर उभा राहत नाही. पेन्शनमधून त्यांनी कशीबशी पुढची भिंत रंगवली, आणि दुसऱ्याच आठवड्यात एक सिनेमा कंपनी दारात! त्यांनी भाडं ठरवलं आणि पहिलं काम काय केलं, तर नव्या भिंतीला जुना दिसणारा रंग फासला. दारावर हिंदी पाटी लागली. चार दिवस काका स्वतःच्याच ओसरीवर परवानगी काढून बसत होते.

"तुम्हांला अपमान नाही वाटला?" मी विचारलं.

काका हसले. "अरे, मेणवलीच्या घाटावरची घंटा कुठली? वसईच्या पोर्तुगिजांची. मराठ्यांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा आली. चर्चमधली घंटा इतकी वर्षं देवळात नांदते आहे, तिने कधी तक्रार केली? आणि वर बघ."

मी वर पाहिलं. कौलं चाळलेली होती, दोन वासे कोरे होते.

"बिहारच्या पैशांनी वाईचं छप्पर झालं," काका म्हणाले. "यंदा माजघरात गळतीखाली पातेली मांडावी लागली नाहीत. फ्लॅट झाले असते तर बिहार सोड, वाईसुद्धा कुणी म्हटलं नसतं."

हल्ली पडद्यावर आमचा घाट दिसला की मी ओरडत नाही. नुसतं बायकोला कोपराने ढोसतो. ती पुटपुटते, "कळलं हो. छप्पर!"