घडीस, मुलुंडहून

प्रिय घडी,

एडिटरवाले तुला फोल्ड म्हणतात : अनेक ओळी मिटवून एकीत ठेवायची सोय. मुलुंडच्या दोन खोल्यांत वाढलेल्या मला तू घडीच. अंथरुणाची, पाहुणे गेले की भिंतीला टेकवायच्या खुर्चीची. जागा कमी पडली की तुझी किंमत कळते, आणि चार हजार ओळींची एक्सएमएल फाइल लॅपटॉपवर उघडली की पुन्हा कळते.

त्या रात्री चकाल्याच्या ऑफिसात मी तुला काय काय बोलले! विम या एडिटरमध्ये फोल्डमेथड, म्हणजे घड्या पाडायची रीत, ‘सिंटॅक्स’ करून ठेवली होती : भाषेच्या रचनेप्रमाणे घड्या. घडी मिटवायला झेड दाबला, सी दाबला. खाली उत्तर आलं : ई४९०, नो फोल्ड फाउंड. झेड आणि मोठा एम दाबून सगळंच मिटवायला गेले, तर पान ढिम्म. रंग मात्र जागच्या जागी, टॅग वेगळे, मजकूर वेगळा. म्हणजे सिंटॅक्स चालू होतं. मग तूच का रुसलीस? तीच आज्ञा मी पाच वेळा दिली, बंद लिफ्टचं बटण दाबत राहावं तशी. शेवटी घाटकोपरची मेट्रो चुकू नये म्हणून उठले.

घरी आई चादर घेऊन उभीच होती. “धर गं तिकडचं टोक.” त्या क्षणी डोक्यात प्रकाश पडला असं लिहायला आवडलं असतं, पण मी झोपेत होते. उत्तर दुसऱ्या दिवशी विमच्या मदतपानांत सापडलं. चादर नंतर ज्युनिअर मुलांना ते समजावताना कामी आली.

चादरीची घडी एकट्याने नीट पडत नाही. ‘सिंटॅक्स’ म्हणून मी फक्त माझं टोक धरलं होतं. दुसरं टोक त्या भाषेच्या सिंटॅक्स फाइलीने धरायचं असतं : कुठला तुकडा मिटण्याजोगा आहे, हे तिथे ‘फोल्ड’ या शब्दाने लिहावं लागतं. नुसता रंग देणारा नियम तुला काहीच सांगत नाही. कॉलेजात सी शिकताना तू महिरपी कंसांवर आपोआप मिटायचीस, कारण सीच्या फाइलीत तो शब्द आधीच आहे. एक्सएमएलच्या फाइलीतही आहे, पण कुलपात. ‘जी कोलन एक्सएमएल अंडरस्कोअर सिंटॅक्स अंडरस्कोअर फोल्डिंग’ला एक दिल्याशिवाय ते उघडत नाही. तेही फाइल उघडण्याआधी. मी ते उघड्या फाइलीत दिलं आणि पुन्हा तुलाच शिव्या घातल्या. फाइल नव्याने उघडल्यावर चार हजारांच्या साठ-सत्तर ओळी झाल्या.

एक तक्रार मात्र खरी आहे. तू मिटायला लागलीस तशी माझं टायपिंग रांगायला लागलं. अक्षर पडलं की तू घड्या पुन्हा मोजणार, फास्ट लोकलने प्रत्येक स्टेशनात थांबावं तसं. आता मी सिंटॅक्सने घड्या पाडून घेते आणि फोल्डमेथड ‘मॅन्युअल’ करते. पडलेल्या घड्या राहतात, मोजणी थांबते.

तुझ्या सगळ्या आज्ञा झेडने सुरू होतात, कारण कडेने पाहिलं तर झेड घडी घातलेल्या कागदासारखा दिसतो. ही गंमत मदतपानातच लिहिली आहे. तू विममध्ये आलीस २००१ साली, सहाव्या आवृत्तीत. विम लिहिणारे ब्राम मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ला गेले. रिकामं विम उघडलं की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी त्यांची विनंती दिसायची. मी ती वर्षानुवर्षं न वाचता पुढे गेले.

तुझी,
एक मुलुंडकरीण

ता. क. परवा तू पुन्हा गायब झालीस. या वेळी शिव्या देण्याआधी ‘व्हर्बोज सेट फोल्डमेथड’पुढे प्रश्नचिन्ह टाकून पाहिलं. सगळं बरोबर होतं. झेडनंतर आय माझ्याच बोटाने दाबला गेला होता आणि त्याने घड्यांची सोयच बंद होते. पुन्हा दाबला. आलीस.