डॉक्टरांनी हात लावला, म्हणून पावती मागायची नाही का?

2022 च्या पावसाळ्यात बाबांना टायफॉइड झाला. सोळा दिवस ते कामावर जाऊ शकले नाहीत. बाबा एका कंत्राटदारामार्फत ऑफिसांच्या इमारतीत हाउसकीपिंगचे काम करतात. म्हणजे झाडू, फरशी आणि संडास. कामाचे नाव इंग्रजी झाले, काम करणारी माणसे मात्र तीच राहिली. ताप उतरल्यावर सुपरवायझरचा निरोप आला की आजारी असल्याचे एक आणि फिट असल्याचे एक अशी दोन सर्टिफिकेटे आणा, मगच ड्युटी मिळेल.

आमच्या वस्तीच्या तोंडाशी एका एमबीबीएस डॉक्टरांचा दवाखाना आहे. मी जन्मल्यापासून आमचे घर त्यांच्याकडेच जाते. त्यांनी दोन्ही सर्टिफिकेटे दिली. एकेकाचे तीनशे, म्हणजे सहाशे रुपये कंपाउंडरने घेतले. त्याआधी पाच वेळा दाखवले त्याचे साडेसातशे, चार सलाईनचे सोळाशे, रक्ताच्या तपासणीचे सहाशे. मी घरी येऊन बेरीज केली तर 3550 रुपये झाले. बाबांचा पगार तेव्हा 14,500 होता आणि त्यातूनही सोळा दिवसांचे कापले जाणार होते. या सगळ्या रकमेचा एकही कागद आमच्याकडे नव्हता. औषधे सुट्या गोळ्यांच्या पुड्यांत. कोणत्या गोळ्या, कशाचे इंजेक्शन, काही लिहिलेले नाही.

मी बाबांना म्हटले, "मी उद्या जाऊन पावती मागते." अंथरुणावर पडलेले बाबा उठून बसले. म्हणाले, "ज्या माणसाने तुझ्या आजीच्या पायाला हात लावला, त्याच्याकडे तू पावती मागणार? एवढं शिकलीस ते यासाठी?"

बाबांच्या या वाक्याला माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते. समाजशास्त्रात एम.ए. केलेली, रोज वस्त्यांमध्ये लोकांना हक्क समजावून सांगणारी मी गप्प बसले. कारण ती गोष्ट मलाही पाठ आहे.

आजीला साखर होती. पायाला जखम झाली आणि ती चिघळली. आम्ही तिला एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. ड्रेसिंग करणाऱ्याने केसपेपरवरचे आडनाव वाचले, आजीकडे पाहिले आणि कापूस, पट्टी, औषध तिच्या हातात ठेवले. "तूच पूस, मी सांगतो कसं ते." मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते, शेजारी उभी होते. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती सरकारी रुग्णालयात गेली नाही. वस्तीच्या दवाखान्यात गेली. तिथे हे डॉक्टर स्टुलावर बसले, आजीचा पाय उचलून स्वतःच्या गुडघ्यावर घेतला आणि पट्टी केली. आजी घरी येऊन रडली. मरेपर्यंत ती त्यांना देवमाणूस म्हणत राहिली.

आंबेडकरी घरात वाढलेल्या वाचकांना हे फार समजावून सांगायला नको. स्पर्श ही आपल्यासाठी साधी गोष्ट कधीच नव्हती. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत रिंग खात्यात होते. साचेखात्यात पगार जास्त होता, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा इतर कामगारांना चालत नसे. म्हणून आमच्या लोकांना तिथे प्रवेश नव्हता. 1928 च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला होता. ज्या समाजाच्या ओठांचा विटाळ धाग्याला होत होता, त्या समाजातल्या बाईचा पाय कुणी गुडघ्यावर घेतला तर तिचे डोळे भरून येणारच.

पण इथेच मला थांबून विचार करावासा वाटतो. डॉक्टरांनी पाय हातात घेतला तो उपकार होता की त्यांचे काम? ते काम असेल, तर ड्रेसिंगवाल्याने केला तो गुन्हा होता आणि डॉक्टरांनी केले ते कर्तव्य होते. आपण मात्र गुन्ह्याची तक्रार केली नाही आणि कर्तव्याचे ऋण तीन पिढ्या फेडत बसलो. सरकारी दारात अपमान झाला म्हणून आपण खासगी दारात गेलो. तिथे अपमान झाला नाही, म्हणून किंमत विचारायची नाही, असे आपणच ठरवून टाकले. जातीने आपल्याकडून वसूल केलेला हा वेगळ्या प्रकारचा कर आहे, आणि तो रोख भरावा लागतो.

डॉक्टरांची बाजूही मांडली पाहिजे. ते दवाखाना रात्री दहापर्यंत उघडा ठेवतात. जागेचे भाडे, कंपाउंडरचा पगार आहे. उधारीवर औषध दिल्याचीही उदाहरणे आहेत. फी घेणे हा गुन्हा नाही. सर्टिफिकेटसाठी पैसे घेणे हाही नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की कशाचे किती, हे आधी कळत नाही आणि नंतर सिद्ध करता येत नाही. सलाईनची खरेच गरज होती का, हे विचारण्याची सोयच राहत नाही.

आणि नियम आहेत. भारतीय वैद्यकीय परिषदेचे 2002 चे आचारसंहितेचे विनियम सांगतात की डॉक्टरने आपली फी आणि इतर आकार दवाखान्यातल्या फलकावर स्पष्ट लावावेत. फी उपचाराआधी सांगावी, उपचार सुरू झाल्यावर नाही. औषध स्वतः दिले असेल तर चिठ्ठीवर तसे लिहावे. दिलेल्या सर्टिफिकेटांची नोंदवही ठेवावी. रुग्णाने आपली कागदपत्रे मागितली तर 72 तासांत द्यावीत. तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी त्यांच्या वेगळ्या परिषदा आहेत. शिवाय 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेले उपचार ही ग्राहक कायद्याखालील सेवा आहे असा निकाल दिला. तेव्हा पावती मागणे हा उद्धटपणा नाही.

मग फलक का दिसत नाहीत? कारण तपासायला कुणी येत नाही. 2010 चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्याचा 1949 चा कायदा नर्सिंग होमसाठी आहे. खाटा नसलेला गल्लीतला दवाखाना त्याच्या बाहेर राहतो. सरकारी विमा योजनाही मुख्यतः भरती होणाऱ्या रुग्णासाठी आहेत. आपल्या वस्तीतला माणूस वर्षातून एकदा भरती होत असेल, पण तापाला, खोकल्याला, सर्टिफिकेटला महिन्यातून दोनदा खिशात हात घालतो.

जिथे सरकारने ही जबाबदारी घेतली तिथेही फॅमिली डॉक्टर काही कामांचे पैसे घेतातच. ब्रिटनमध्ये 1948 पासून डॉक्टरकडे दाखवायला पैसे लागत नाहीत. पण विम्याचा फॉर्म, प्रवासासाठीच्या काही लसी, खासगी पत्र यांसाठी ते आकार घेतात. मात्र आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी कामगाराने स्वतः लिहून दिलेले पुरते, आणि त्यापुढचे आजारपणाचे सर्टिफिकेट डॉक्टर फुकट देतो. म्हणजे ज्या कागदावर मजुरी अवलंबून आहे, तो कागद विकत घ्यावा लागत नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, ते श्रीमंत देश. तर मग आपल्याच घरातली गोष्ट सांगते. माझ्या आजोबांकडे ईएसआयचे कार्ड होते. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे मंत्री होते. त्याच काळात, 1943 मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे दिले गेले. 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला, 1948 मध्ये कायदा झाला आणि 1954 मध्ये योजना मुंबईत आली. आजोबा परळच्या पॅनेल डॉक्टरकडे जायचे. तो खासगी डॉक्टरच होता, पण कार्ड दाखवले की तपासणी, औषध आणि सर्टिफिकेट यांचे पैसे लागत नसत. आजोबांनी त्याला कधी देवमाणूस म्हटले नाही. "माझ्या पगारातून कापतात, तो काय फुकट देतो?" असे म्हणायचे. 1982 चा संप झाला, गिरणी गेली आणि गिरणीबरोबर कार्डही गेले.

बाबांच्या आजारपणानंतर मी त्यांची पगाराची स्लिप पहिल्यांदा नीट वाचली. त्यात एक ओळ होती, ईएसआय 109 रुपये. दर महिन्याला पगाराच्या 0.75 टक्के बाबांकडून कापले जात होते आणि 3.25 टक्के मालकाने भरायचे होते. बाबांना वाटत होते तो कसलातरी टॅक्स आहे. कंत्राटदाराने ना नंबर सांगितला, ना कार्ड दिले. आम्ही दोघे शाखा कार्यालयात गेलो. तिसऱ्या फेरीत नंबर सापडला, नावाचे स्पेलिंग चुकलेले होते. म्हणजे बाबांना उपचार फुकट मिळाले असते, सर्टिफिकेट फुकट मिळाले असते आणि पहिले दोन दिवस सोडून उरलेल्या दिवसांसाठी 70 टक्के मजुरी, सुमारे पाच हजार रुपये, मिळाले असते. वर्षाला 91 दिवसांपर्यंत तो त्यांचा हक्क होता. त्याऐवजी त्यांनी खिशातून 3550 दिले आणि त्याबद्दल आभार मानले.

त्यानंतर मी डॉक्टरांकडे गेले. पावती मागायला नाही, फलकाबद्दल बोलायला. ते दुखावले. "तुझ्या आजीची पट्टी मी केलीय." मी म्हटले, "सर, म्हणूनच आधी तुमच्याशी बोलायला आले." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी कंपाउंडरच्या टेबलामागे हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला दिसला. तपासणी 150, इंजेक्शन 80, सलाईन 400, सर्टिफिकेट 300. दर कमी झाले नाहीत. पण शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "चारशे वाचून मी विचारलं, सलाईन लावायलाच पाहिजे का? तर म्हणाले, नको, गोळ्यांनी बरं होईल." बाबा आता तापासाठी पॅनेल डॉक्टरकडे जातात. घरात मात्र जुन्या डॉक्टरांना अजूनही देवमाणूसच म्हणतात आणि माझ्यावरचा त्यांचा राग पूर्ण गेलेला नाही.

चळवळीतल्या मित्रांना एक विनंती आहे. 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला आपण आरोग्य शिबिरे घेतो, बीपी तपासतो, गोळ्या वाटतो, फोटो काढतो. ते करावे. पण पुढच्या शिबिरात एक टेबल वाढवा. तिथे लोकांच्या पगाराच्या स्लिपा वाचा आणि ईएसआयचे नंबर शोधून द्या. 10 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत 21,000 पर्यंत पगार असलेल्या हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीच्या बहुतेक माणसांना हा हक्क लागू आहे. वस्तीतल्या प्रत्येक दवाखान्यात जाऊन दरांचा फलक लावायला सांगा, भांडून नाही, पण नियम हातात घेऊन. आणि सरकारी रुग्णालयात कुणी आडनाव वाचून हात मागे घेतला, तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा. ती तक्रार आम्ही आजीच्या वेळी केली नाही, तिची किंमत आम्ही आजपर्यंत मोजतो आहोत.

कृतज्ञता माणसाबद्दल जरूर असावी. पण हिशोब विचारल्याने कृतज्ञता कमी होत असेल, तर ती कृतज्ञता नव्हे, जुनीच ताबेदारी आहे.

जय भीम.