सुयांवर राहिलेलं

आमच्या मालेगावात रात्रंदिवस पावरलूम खडखडतात, कापड निघत राहतं. आमच्या घरातलं विणकाम मात्र पुरं होत नाही. आम्ही दोघी बहिणी, दोघी उर्दू शाळेत शिकवणाऱ्या. बी.एड.ची पाठ टाचणं आम्ही वेळेवर दिली, पण लोकरीचं तसं नाही. ट्रंकेत आज पाच अर्धवट कामं आहेत. बाह्या नसलेला स्वेटर, एकटाच पायमोजा, भावाच्या मुलाचं टोपडं. तो मुलगा आता दुसरीत आहे!

नवी लोकर आली की जुन्या कामाच्या दहा नंबरच्या सुया काढायच्या आणि टाके दोऱ्यात ओवून ठेवायचे. पुढे लोकर कमी पडते. तोच रंग आणला तरी लॉट वेगळा, फरक दिसतोच. मग ते काम ट्रंकेत आणखी खाली जातं.

अगदी तळाशी अम्मीचं काम होतं. अब्बांसाठी राखाडी हाफ स्वेटर, काखेपर्यंत आलेला. तिची नजर गेली आणि तो राहिला. त्याच्या सुया आम्ही कधी काढल्या नाहीत.

गेल्या थंडीत अब्बांनी सहज विचारलं, माझा स्वेटर कुठवर आला? आम्ही तो वर काढला, चार ओळी विणल्या. अम्मीचा हात घट्ट, आमचा सैल. उसवलं, अकरा नंबरच्या बारीक सुयांवर पुन्हा विणलं. अम्मीने बोटं फिरवली.

"यहाँ से तुम्हारा हाथ है ना?"

उसवू का, आम्ही विचारलं. नको म्हणाली. गळ्याचे टाके किती घटवायचे, ते मोजून सांगू लागली.