दुखणे वाढवणारे औषध

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही चिंचवडच्या एका घरी जात असू. चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर राबलेले ते गृहस्थ मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर चार वर्षे अफूवर्गातील वेदनाशामक गोळ्या घेत होते. मात्रा वाढत गेली, तशी वेदनाही वाढली. कमरेपुरते असलेले दुखणे पाठभर, पायभर पसरले. शेवटी अंगावरची चादरही त्यांना सोसवेना.

घरच्यांना वाटे, गोळी अपुरी पडते आहे. आम्हांला वाटे, यांना गोळीची चटक लागली आहे. एकदा आम्ही ते बोलूनही दाखवले. त्यांनी उत्तर दिले नाही. भिंतीकडे तोंड करून ते पडून राहिले.

उलगडा केला तो एका वेदनातज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी. दीर्घकाळ असे औषध घेतल्याने काहींची मज्जासंस्थाच अधिक हळवी होते आणि औषधच वेदनेला धार लावते. मॉर्फिनविषयी अशी शंका इंग्लंडमधील डॉक्टर क्लिफर्ड ऑलबट यांनी १८७० मध्येच मांडली होती. शरीराला औषधाची सवय झाली असेल, तर मात्रा वाढवल्यावर आराम पडतो. इथे मात्र मात्रेबरोबर दुखणे चढते.

मूळ आजार बळावलेला नाही, याची बाईंनी आधी खात्री करून घेतली. मग मात्रा हळूहळू उतरवली, गॅबापेंटिन हे वेगळ्या जातीचे औषध जोडले, हलका व्यायाम सुरू केला. काही रुग्णांना अफूवर्गातीलच दुसरे औषध किंवा केटामाइन द्यावे लागते, असेही त्यांनी सांगितले. मात्र आपल्या मनाने गोळी एकाएकी बंद करण्यास त्यांनी सक्त मनाई केली.

यावरून कोणी मॉर्फिनची धास्ती घेऊ नये. कर्करोगाच्या असह्य वेदनांत ते वरदानच आहे. पुण्यात वारजे येथील सिप्लाचे केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची शुश्रूषा करीत आले आहे. आणि मरणासन्न रुग्णाची वेदना औषधाने शमवणे नीतीला धरूनच आहे, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये स्पष्ट केले होते.

पहिले काही आठवडे त्या गृहस्थांना फार जड गेले. चौथ्या महिन्यात मात्र ते दारात खुर्ची टाकून बसलेले दिसले, अंगावर शाल पांघरून. आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “फादर, तुम्ही म्हणालात, तेव्हा मलाही ते खरं वाटू लागलं होतं.”

दुखण्याहून तेच त्यांना अधिक सोसावे लागले होते.