२२/७ म्हणजे पाय नव्हे

नववीला वास्तव संख्या शिकवताना मी व्याख्या मागाहून सांगतो. आधी फळ्यावर चार संख्या मांडतो : ९ चे वर्गमूळ, ०.३३३..., २२/७ आणि पाय. यांतल्या परिमेय कोणत्या? मुलं चेहरा पाहून निकाल देतात. वर्गमूळाचं चिन्ह दिसलं, अपरिमेय. दशांश संपेना, अपरिमेय. २२/७ तर पायच, तेव्हा तीही अपरिमेय! खरं तर चौघांत एकटी पाय अपरिमेय. ९ चे वर्गमूळ म्हणजे ३, ०.३३३... म्हणजे एक तृतीयांश आणि २२/७ ही पायची फक्त जवळची किंमत.

आधीचे संच मुलांना लवकर उमगतात, कारण प्रत्येकामागे एक अडलेलं गणित असतं. नैसर्गिक संख्यांत ३ मधून ५ जात नाहीत, म्हणून ऋण संख्या घेऊन पूर्णांक आले. पूर्णांकांत ३ ला ५ ने भाग जात नाही, म्हणून परिमेय. नवा संच जुन्याला पोटात घेतो. म्हणून ‘५ नैसर्गिक की परिमेय?’ याचं उत्तर ‘दोन्ही’.

खरी गोम पुढे आहे. कोणत्याही दोन परिमेय संख्यांच्या मध्ये आणखी एक सापडतेच, मग संख्यारेषेवर जागा उरेल कुठे? पण बाजू १ असलेल्या चौरसाचा कर्ण मोजायला त्या पुरत नाहीत. बौधायनाच्या शुल्बसूत्रातल्या रीतीने त्याची लांबी ५७७/४०८ येते. तिचा वर्ग २ पेक्षा फक्त १/१,६६,४६४ ने जास्त! इथे मुलं म्हणतात, ‘सर, थोडं अजून पुढे गेलं की जमेल.’ जमत नाही. अंश-छेदांत सामाईक अवयव नसलेला अपूर्णांक घ्या. त्याचा वर्ग २ असेल, तर अंश सम निघतो, मग छेदही सम. म्हणजे २ हा सामाईक अवयव निघाला. विसंगती. संख्यारेषेवर उरलेली ही फट गणितज्ञ डेडेकिंडने १८७२ मध्ये काटेकोर व्याख्येने बुजवली आणि वास्तव संख्यांना पक्का पाया मिळाला.

म्हणून माझा मुलांना एकच आग्रह : संख्या दिसते कशी ते सोडा, तिला पूर्णांकांच्या अपूर्णांकात मांडता येतं का ते विचारा. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर मावणारा प्रत्येक दशांश परिमेयच असतो. हा निवाडा तिथे मागू नका. त्याला सिद्धताच लागते.