निजगलचा डोंगर

बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला तुमकूर रस्ता माहीत असतो तो रात्रीचा. दिवाळीला पुण्याची बस पकडायची, पीण्या आणि नेलमंगलाची कोंडी सुटेपर्यंत घड्याळ बघायचं, मग पडदा ओढून झोपायचं. अकरा वर्षं मी हेच करत आलो. मार्चमधल्या एका संध्याकाळी मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीतले मेष्ट्रु, म्हणजे निवृत्त इतिहासशिक्षक, फाटकापाशी उभे राहून सहज म्हणाले, "तुमच्या माधवराव पेशव्यांना दाबसपेटजवळच्या एका किल्ल्यानं दमवलं होतं, ठाऊक आहे ना?" मला ठाऊक नव्हतं.

माधवराव हे माझं शाळेपासूनचं वेड. आठवीच्या सुट्टीत 'स्वामी' वाचली आणि त्यानंतर थेऊरला गेलो की चिंतामणीचं दर्शन झाल्यावर रमाबाईंच्या वृंदावनापाशी थांबल्याशिवाय परतलो नाही. अशा माणसाच्या बसशेजारून दर वर्षी तो किल्ला, निजगल, निघून जावा आणि त्याला पत्ता नसावा, हे मनाला लागलं. एप्रिलच्या अखेरीस निघालो. मुद्दामच उन्हाळ्यात, कारण १७७० मध्ये निजगल पडलं तेही याच दिवसांत.

दाबसपेट बंगळुरूपासून पन्नासएक किलोमीटरवर. डॉब्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यावरून पडलेलं हे नाव. आता गावाभोवती कारखाने, गोदामं आणि मालट्रकांच्या रांगा आहेत. रस्त्याकडेला फणसांचे ढीग लागले होते आणि करंजांना नुकती फुटलेली पालवी इतकी कोवळी हिरवी होती की धुळीतही उठून दिसत होती. लॉज मात्र वाईट निघाला. खिडकी महामार्गावर, पंख्याला एकच वेग, नळाला पाणी पहाटे अर्धा तास. रात्रभर ट्रकचे भोंगे ऐकत पडलो. पाण्याचा तर फार राग आला, कारण जवळच्याच शिवगंगेच्या डोंगरात कुमुद्वती उगम पावते. ती पुढे अर्कावतीला मिळते आणि त्या संगमावरच्या तिप्पगोंडनहळ्ळी तलावानं कित्येक दशकं बंगळुरूची तहान भागवली.

शिवगंगा सकाळी उरकली. लोक तिला दक्षिण काशी म्हणतात. गंगाधरेश्वराच्या पिंडीवर चोळलेल्या तुपाचं लोणी होतं अशी श्रद्धा, ओळकल तीर्थाच्या बिळात हात घालून पाणी लागतं का ते बघणाऱ्यांची रांग, वरच्या कड्यावरून होयसळ राणी शांतलेनं उडी घेतल्याची कथा. वाटाड्या पायरीपायरीवर तीच कथा सांगत होता आणि सालं मात्र दर वेळी बदलत होता. माकडांनी केळी नेली. कड्यावरून उत्तरेला बघितलं तेव्हा महामार्गापलीकडे खडकांचा एक उघडा ढीग दिसला. वाटाड्यानं तिकडे हात केला आणि म्हणाला, "अदु निजगल. तिथं काही नाही."

तिथं जे आहे ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. पानिपतानंतरच्या दशकात मराठ्यांची घडी बसवत असताना माधवरावांना हैदरअलीशी पुन्हापुन्हा लढावं लागलं. १७६७ च्या स्वारीत त्यांनी शिरे घेतलं, मधुगिरी घेतली, आणि मधुगिरीच्या कैदेत पडलेली बिदनूरची राणी वीरम्माजी मराठ्यांनी सोडवली. तीन वर्षांनी ते पुन्हा या मुलखात उतरले. एकामागून एक ठाणी पडत गेली. निजगल मात्र पडेना. हल्ले परतवले गेले. अशाच एका हल्ल्यात पेशव्यांचा धाकटा भाऊ नारायणराव जखमी झाला. शेवटी तट चढले ते चित्रदुर्गाच्या नायकाचे बेडर जमातीचे सैनिक. खडकावर वाढलेली माणसं ती. खडकाचा किल्ला त्यांनीच घेतला.

पुढचं मार्क विल्क्सनं लिहून ठेवलं आहे. चिडलेल्या माधवरावांनी उरलेल्या शिबंदीची नाकं-कानं कापवली. मग किल्लेदाराला समोर आणून विचारलं की, तूही याच शिक्षेला पात्र आहेस, हे तुला मान्य आहे ना? किल्लेदाराचं उत्तर अशा अर्थाचं होतं: अवयव माझे जातील, बेअब्रू तुमची होईल. पेशव्यांना ते लागलं आणि त्यांनी त्याला तसंच जाऊ दिलं.

मेष्ट्रुंशी माझा वाद यावरूनच झाला होता. गंमत अशी, की कन्नड मेष्ट्रु माधवरावांची बाजू घेत होते. "विल्क्स इंग्रज. श्रीरंगपट्टण पडल्यावर म्हैसूरचा रेसिडेंट झाला. त्याचा पहिला खंड १८१० चा, म्हणजे घटनेला चाळीस वर्षं उलटून गेल्यावरचा. हैदर क्रूर, मराठे क्रूर, इंग्रज आले आणि सुख आलं, हे त्याला दाखवायचं होतं. तुम्ही त्याचं का ऐकता?" त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. आणि खरं सांगतो, मलाही त्यांचंच म्हणणं पटायला हवं होतं.

पण मला ते पटत नाही. ज्याला पेशव्याला फक्त काळं फासायचं आहे, तो नाकं-कानं कापल्यापाशी थांबेल. एका कैद्याच्या एका वाक्यानं विजेता खजील झाला आणि त्यानं हात आवरला, हे तो कशाला सांगेल? शिवाय १८१० मध्ये त्या वेढ्यातून वाचलेली म्हातारी माणसं म्हैसूर मुलखात असणं अगदी शक्य होतं. मी विल्क्सवर विश्वास ठेवतो. हे मानायला मला जड गेलं. वीरम्माजीला सोडवणारे माधवराव आणि निजगलच्या तळावरचे माधवराव एकच आहेत.

दुपारी साडेतीनला डोंगर चढायला लागलो. वाट अशी नाही, खडकावर खाचा आहेत. इथला ग्रॅनाइट पृथ्वीवरच्या फार जुन्या दगडांपैकी, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा, आणि एप्रिलच्या उन्हात तो तव्यासारखा तापतो. अर्ध्या वाटेवर तटाचे पडके भाग, एक दरवाजा, मग कातळात साठलेल्या पाण्याची कुंडं. इथले लोक त्यांना दोणे म्हणतात. एकात अजून पाणी होतं, शेवाळलेलं, पण थंड. शिबंदी इतकी टिकली कशी, ते त्या पाण्यात हात घातल्यावर कळलं. खाली वेढा घालून बसलेल्या फौजेपेक्षा वरच्या माणसांना पाणी जवळ होतं.

शेळ्या वळणारा एक आजोबा सावलीत बसला होता. मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, इथं मराठे आले होते, तुमच्याकडे काही सांगतात का? तो म्हणाला, "माझी आजी पोरांना गप्प करायची. मराठे येतील म्हणायची." मग माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "तुम्ही कुठले?" मी पुणे म्हणालो. तो हसला आणि त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी पुढं केलं.

त्यानंतर माझ्याकडून काही पाहणं झालं नाही. देवरायनदुर्ग, मधुगिरी, शिरे असा पुढचा बेत वहीत लिहिलेला होता. तो तसाच राहिला. तटावर बसून राहिलो. पेशवे तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि क्षयानं पोखरलेले. याच स्वारीतून आजारपणामुळे ते पुण्याला परतले आणि फौज त्र्यंबकरावमामांच्या हाती गेली. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला ते वारले. नारायणराव इथं जखमी झाला तेव्हा पंधराचाही नव्हता. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात त्याचं काय झालं ते पुण्यातलं शेंबडं पोर सांगेल. निजगलला तो वाचला होता, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

अंधार पडताना खाली उतरलो. महामार्गावर पुण्याकडे निघालेल्या पहिल्या बसचे दिवे लागले होते आणि तिचे पडदे ओढलेले होते.

या बसनं जाणाऱ्या-येणाऱ्या मराठी वाचकांना माझी एक विनंती आहे. पुण्याहून येणारी बस पहाटे तुमकूर सोडते, त्यानंतर झोपू नका. दाबसपेट येण्याआधी खडकांचा तो डोंगर रस्त्याजवळच दिसतो. आणि कधी एक दिवस हाताशी असेल तर वर जा, पण आपण वेढा घालणारे होतो हे ध्यानात ठेवून जा. पाणी भरपूर न्या.